दगडाबाईचा नवरा

जनाना वॉर्डाच्या दारातून आयाने हाक मारली, "दगडाबाई कौन है जी? दगडाबाई, चलो जल्दी!" आणि व्हरांड्यातल्या बाकड्यावर नवऱ्यापाशी येऊन बसलेली कमलबाई उठून उभी राहिली.

चंद्रभानला आधी वाटलं, हिच्या ऐकण्यात काही तरी घोटाळा झाला. कालपासून पोटात अन्न नाही, रात्रभर परक्या बायकांच्या कण्हण्यात डोळ्याला डोळा नाही, अशा वेळी माणूस कुणाच्याही नावाला ओ देतं. "थांब, तुला न्हाई बलवायले," असं म्हणायला त्याने तोंडही उघडलं. पण कमलबाई थांबली नाही. पदर डोक्यावरून पुढं ओढून ती आयाला म्हणाली, "मीच हाय." मग मागं वळून, नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायतणाकडे बघत म्हणाली, "तुमी हितं बसून काय करताव? शहर बघून या. गावात समदे इचारतेल, काय काय पाह्यलं म्हनून." एवढं बोलून ती आयाच्या मागोमाग आत गेली आणि दार लागलं. आत तिच्या पोटातला गोळा काढणार होते. गोळा केवढा आहे ते डॉक्टरने काल दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवलं होतं, आणि बाई वाचल का, या प्रश्नाला नुसतं छताकडे बोट दाखवलं होतं. तेवढं भय चंद्रभानला पुरेसं होतं. तो त्या भयाच्या तयारीनेच बोरीहून निघाला होता, परभणीला गाडीत बसल्यावर पिंगळीचं स्टेशन येईपर्यंत त्याने मनातल्या मनात तिचं सगळं क्रियाकर्मही उरकून घेतलं होतं आणि मग स्वतःचीच लाज वाटून खिडकीबाहेर बघत बसला होता. पण ज्या बाईसाठी तो भीत होता ती ऐन वेळी दुसऱ्याच नावाने उठून आत जाईल, याची तयारी त्याच्यापाशी नव्हती.

दगडाबाई हे तिचं माहेरचं नाव. राणीसावरगावला तिला त्या नावाने हाक मारणारी माणसं होती, तीही एकेक करून गेली. काल संध्याकाळी भरती करताना आतल्या बाईने नाव विचारलं असणार, आणि हिने ते सांगितलं असणार. चुकून? स्वतःच्या नावात कसली चूक, असं त्याला वाटलं. बोरीत लहानथोर तिला कमलबाई म्हणत. जावा म्हणत, सुना म्हणत, कोतवाल म्हणे, दाणे मागायला आलेला जोशी म्हणे. एक चंद्रभान सोडून. त्याने तिला कोणत्याच नावाने हाक मारली नव्हती. ओसरीवर येऊन तो खाकरत असे, आणि त्या खाकरण्यावरून पाणी हवं की जेवायला हवं की बैल सोडायचेत, हे तिला समजत असे. संसाराला पंचवीसेक वर्षं झाली, ती अशी खाकरण्यातच गेली, आणि चांगली गेली, असं तो कुणालाही छाती ठोकून सांगू शकला असता. आज सकाळपर्यंत तरी.

व्हरांड्यात पुरुषांना थांबू देईनात. "चार बजे के बाद आना," असं दारवानाने सांगितलं आणि काठीने जिन्याकडची वाट दाखवली. मग चंद्रभान पुलावरून नदी ओलांडून शहर बघायला निघाला, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. किशनराव बोरीचाच, इथं एका सरकारी कचेरीत कारकून. त्याच्याच खोलीवर ही दोघं उतरली होती. कचेरीला जाता जाता त्याने बोटांवर मोजून सांगितलं होतं, "चारमिनार, मक्का मशीद, मंग मोटारीनं गोलकोंडा, तिथून सात घुमट. एका दिवसात होतंय, काका. बघून घ्या. पुढल्या म्हैन्यात आपलं राज्यच मोडायलंय. परभणी मुंबई राज्याला गेली की मंग कशाला येताव हिकडं?" किशनराव खुशीत होता. त्याची कचेरीही वाटली जाणार होती, अर्ध्या खुर्च्या इकडे, अर्ध्या तिकडे, आणि त्याला औरंगाबाद मिळणार होतं. सगळीकडे लोक असेच कुठून तरी कुठं तरी जायला निघाल्यासारखे बोलत होते. चंद्रभान मात्र पेठेतल्या गर्दीतून चालताना एकच गोष्ट उगाळत होता. ती माझ्या तोंडाकडे का पाहीना?

चारमिनार दिसला तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि सायकलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. मान दुखेपर्यंत त्याने वर पाहिलं. हे तिला सांगायचं होतं. गावात विचारतील ते निमित्त, पण ती स्वतःच विचारणार, हे त्याला ठाऊक होतं. तिने गंगाखेडच्या पलीकडे परभणी आणि परभणीच्या पलीकडे हा दवाखाना एवढंच पाहिलेलं. म्हणून तो मनात जुळवू लागला. उंच हाय. लय उंच हाय. चार हायत. यापुढं त्याला शब्दच सापडेना. बायकोला काही सांगायचं म्हणजे काय करायचं, हे त्याला कधी करून बघावं लागलंच नव्हतं. आई होती तोवर तिच्यादेखत बायकोशी बोलणं हा चावटपणा होता. बोलायचंच झालं तर तो गोठ्याकडे तोंड करून म्हणायचा, "उद्या जिंतूरला जायचंय, भाकरी बांधाव्या लागतेल," आणि आत चुलीपाशी भाकरी बांधल्या जायच्या. आई गेली, गोठ्याकडे तोंड करायची सवय राहिली. आता चार मनोऱ्यांखाली उभं राहून त्याला वाटलं, हे सगळं जर तिच्याबरोबर पाहिलं असतं तर सांगायची वेळच आली नसती. दोघांनी माना वर केल्या असत्या आणि भागलं असतं. त्याला फार एकटं वाटलं. भोवती हजार माणसं होती, बांगड्यांच्या दुकानांपुढं बुरख्यातल्या बायका भाव करत होत्या, एक म्हातारा कबुतरांना दाणे टाकत होता, आणि या सगळ्या शहरात आपलं म्हणावं असं एकच माणूस आहे आणि तेही आत्ता बेशुद्ध असेल, या विचाराने तो तिथून मशिदीकडे चालू लागला.

मक्का मशिदीच्या पायऱ्यांवर सावलीत बसून त्याने शेव-चिवडा खाल्ला आणि तिथं त्याला लग्नातलं ताट आठवलं. त्यांच्या घराण्यात ती रीत नव्हती. चंद्रभानचे मामा परभणीला वकिलांच्या घरी पाहून आले होते की, नवऱ्यामुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायचं. मामांना हौस फार. आईने नाव आधीच ठरवलं होतं, कमल. "दगडा म्हनं! सून हाय का पाटा-वरवंटा?" असं म्हणून सगळा मांडव हसवला होता. मग ताट पुढं आलं. चंद्रभान तेव्हा मिसरूड फुटलेला, जिंतूरच्या शाळेत उर्दूत शिकलेला, सगळ्यांची नजर आपल्यावर, अंगठी बोटात सैल. त्याचा हात तांदळात जो वळला तो उजवीकडून डावीकडे. काफ, मीम, लाम. मास्तरने छडीने घटवून घेतलेलं वळण ते, सुरेख आलं होतं. भटजी ताटात डोकावले आणि म्हणाले, "हे काय?" मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "पोरगं तहसीलदाराला अर्जी लिव्हायलंय!" मांडवात पुन्हा हसू. भटजींनी तांदूळ हलवून सारखे केले आणि स्वतःच बोटाने नीट लिहून दिलं. त्या सगळ्या गलक्यात समोरची पोरगी मात्र वाकून ताटातल्या त्या आकड्या-वळणांकडे बघत होती. तिला अक्षरच येत नव्हतं, तेव्हा हे काय नि ते काय. चंद्रभान ही गोष्ट पुढं कित्येक बैठकांत रंगवून सांगत आला होता. लोक हसत. ती आतून ऐकत असे. ती कधी हसल्याचं मात्र त्याला आठवेना. आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की, त्या ताटापुढं बसताना ती एक होती आणि उठताना दुसरी झाली होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. पण कुणालाच विचारत नाहीत, असं त्याने लगेच स्वतःला समजावलं. आईलाही विचारलं नव्हतं. आईचं माहेरचं नाव काय होतं? त्याने खूप आठवून पाहिलं. मग शेवेचा कागद चुरगळून तो उठला.

गोलकोंड्याच्या मोटारीत शेजारी एक तंबाखूवाला होता. गाव कुठलं, विचारलं. परभणी म्हटल्यावर तो हसला. "तुम लोगां तो अब जा रैं ना, बंबई को?"

"आमी कुटं जायलाव, हितंच हाव की," चंद्रभान म्हणाला. त्याला मनातून राग आला होता. जमीन तिथंच, विहीर तिथंच, लिंबाचं झाड तिथंच, आणि नुसतं नाव बदललं की माणूस दुसऱ्याचा होतो, हे कुठलं शास्त्र, असं काही तरी त्याला त्या तंबाखूवाल्याला ठणकावून सांगायचं होतं. पण बोलता बोलता तो अडखळला, आपण कुणाच्या बाजूने बोलतो आहोत हेच त्याला कळेना.

किल्ल्याच्या दरवाज्याखाली एक वाटाड्या लोकांना टाळी वाजवून दाखवत होता. इथं, या घुमटाखाली अमुक जागी टाळी वाजवली की वर, पार डोंगराच्या माथ्यावर ऐकू जाते. जुन्या काळी शत्रू आला की असाच इशारा देत. एक मारवाडी कुटुंब आलेलं होतं, त्यातले पुरुष वर गेले, बायका खाली राहिल्या, आणि टाळी वाजली की वरून धोतराचं टोक हललेलं दिसायचं नि बायका खिदळायच्या. त्यांचं झाल्यावर वाटाड्या चंद्रभानला म्हणाला, "तुम बी बजाव. ऊपर कौन है तुमारा?"

"कोनी न्हाई."

"फिर कौन सुनेगा जी?" वाटाड्या असं म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. तो निघून गेल्यावर चंद्रभानने आजूबाजूला पाहून हळूच एक टाळी वाजवली. आवाज वर गेला खरा. मग तो बराच वेळ वर बघत राहिला आणि त्याला आपलंच हसू आलं.

पायऱ्या चढताना मध्येच दम लागून तो एका पडक्या भिंतीला टेकला. ऊन मी म्हणत होतं. खाली शहर पांढऱ्या धुरळ्यात पसरलेलं, त्यात दवाखाना कुठला ते ओळखू येईना. आता पोट उघडलं असेल, की शिवत असतील, की सगळं आटोपलं असेल आणि तिथं आपलं कुणी नाही म्हणून कुणाला सांगावं हा प्रश्न पडला असेल. आणि मग त्याला सासूची आठवण झाली. चतुराबाई. पहिल्या दिवाळसणाला तिने जावयाला जेवायला वाढता वाढता सांगितलं होतं, "हिच्या आदीची तीन लेकरं गेली, पाव्हनं. मंग हिचं नाव दगडा ठिवलं. दगड कोन उचलून न्हेतंय? जमानं पाह्यलं, म्हनला दगड हाय, ऱ्हाऊ द्या." चतुराबाई हे अशा खात्रीने बोलली होती की, यम स्वतः येऊन अंगणातून परत गेल्याचं तिने पाहिलं असावं. चंद्रभान भिंतीला टेकलेला ताठ झाला. म्हणजे असं आहे तर! बाईने डोकं लढवलं. कमळाचं फूल कुणीही खुडतं, म्हणून ऐन मरणाच्या दारात तिने जुनं राकट नाव बाहेर काढलं. ती आपल्याला सोडून गेली नव्हती, ती आपल्यापाशी राहण्यासाठीच ते नाव सांगून आत गेली होती! सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं एकदम उतरलं. त्याला तिचं कौतुक वाटलं, भरून आलं, आणि आता संध्याकाळी तिला सांगायला आपल्यापाशी काही तरी आहे याचा आनंद झाला. मी वळखलं म्हनावं. तू न सांगता वळखलं. किल्ल्याचा माथा न बघताच तो भराभर उतरू लागला.

सात घुमटांकडे तो त्या आनंदातच गेला. राजांच्या कबरी म्हणजे वाडेच होते, एकेकाचा घुमट आभाळाला टेकलेला. आतल्या काळ्या दगडावर बारीक अक्षरं होती. चंद्रभानने जुन्या सवयीने उजवीकडून वाचायचा प्रयत्न केला, पण ती अरबी असावी, अर्थ लागेना. राखणदाराने राजांची नावं घडाघडा सांगितली, कुणी किती लढाया मारल्या तेही सांगितलं. बाहेर चौथऱ्यावर उघड्यावर बऱ्याच लहान कबरी होत्या, त्यांच्यामधून गवत उगवलेलं. "ये कौन?" चंद्रभानने विचारलं. राखणदार म्हणाला, "घर की औरतां." "नाव?" "नाव कौन पूछता साब," असं म्हणून तो पुढच्या घुमटाकडे चालू लागला. चंद्रभान क्षणभर तिथंच रेंगाळला. त्याला त्या गवतात बसावंसं वाटलं, आणि भीती वाटली. मग मोटार चुकेल म्हणून तो निघाला.

दवाखान्यात पोचला तेव्हा जिन्यावर लोकांची रेटारेटी चालली होती. दारात आया उभी होती. "मरीज का नाव?"

"कमलबाई," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कमलबाई कोई नै है."

त्याला सगळं ठाऊक होतं, तरी त्याच्या काळजात धस्स झालं. त्याने जिन्याचा कठडा धरला. नाही म्हणजे नाही, असं कुणी इतकं सरळ कधी त्याला सांगितलं नव्हतं. मग ओठ ओले करून तो म्हणाला, "दगडाबाई." आयुष्यात पहिल्यांदा त्याने बायकोचं माहेरचं नाव उच्चारलं होतं, आणि ते एका परक्या बाईपुढं, गर्दीत. "दगडाबाई. बोरीची. न्हाई, राणीसावरगावची."

"तुम कौन उसके?"

"मी? मी दगडाबाईचा नवरा," तो म्हणाला, आणि कसा कोण जाणे, त्याला ते सांगताना अभिमान वाटला.

ती जिवंत होती. भिंतीकडच्या खाटेवर उताणी, चेहरा हळदीसारखा पिवळा पडलेला, ओठांवर ओला कापूस. त्याला पाहून तिने पदर ओढायला हात उचलला, तो अर्ध्यातच पडला. चंद्रभान स्टुलावर टेकला. खाकरला. मग खाकरून भागायचं नाही हे त्याच्या ध्यानात आलं. तीच खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "पाह्यलं का शहर?"

"पाह्यलं."

"काय काय हाय?"

दिवसभर जुळवलेलं सगळं कुठं गेलं कळेना. चार मिनार, टाळी, घुमट, काहीच तोंडात येईना. "दगडं," तो म्हणाला. "समदी दगडंच हायत."

तिच्या ओठावरचा कापूस हलला. ती हसत होती. मग पोटावर हात दाबून तिने डोळे घट्ट मिटले. "हसवू नका," ती म्हणाली, "टाके तुटतेल." चंद्रभानला लहान पोरासारखं झालं. आपण हिला हसवलं, हे त्याला पटेना. एवढ्या वर्षांत मांडव हसला, बैठका हसल्या, हिला हसताना आजच पाहिलं. त्या भरात त्याला धीर आला. तो पुढं वाकला आणि गुपित सांगावं तसा म्हणाला, "मी वळखलं बरं का. त्ये नाव तू का सांगितलं त्ये. तुज्या मायनं मला सांगितलं व्हतं. जमाला फसवलंस तू."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पायतणाकडे नाही, सरळ तोंडाकडे. त्याला वाटलं, गुंगी आली असेल.

"न्हाई वो," ती हळू म्हणाली. "जमाचं कुटं ध्यानात व्हतं मज्या. मरायचंच झालं तर मरताना तरी आपलं नाव असावं म्हनलं. जगायला हायच की तुमचं."

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. भाकरी बांधल्यात, असं सांगावं तसं म्हटलं, आणि डोळे मिटून घेतले. चंद्रभान स्टुलावर तसाच वाकून राहिला. तिचा हात खाटेच्या कडेला लोंबत होता. तो उचलून वर ठेवावा असं त्याला वाटलं, पण आसपास बायका होत्या. थोड्या वेळाने घंटा वाजली. आया खाटांमधून ओरडत आली, "चलो, टैम हो गया. दगडाबाई के लोगां, चलो बाहर." दगडाबाईचं माणूस तिथं कुणी नव्हतं. कमलबाईचा नवरा होता, तो उठला आणि बाहेर आला.